कीर्तनामागं पन्नास व्हायोलिनं

आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते, म्हणजे मागाहून गैरसमज नको. यंदा आंजीच्या दत्तजयंती सप्ताहात जे काही घडलं, त्यात माझं तसूभरही चुकलं नव्हतं. गावात तुम्हाला वेगळं ऐकायला मिळेल. गावाचं काय, ते बोलतच असतं. मी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे. चाळीस पोरांना एकाच वेळी झोपवून दाखवलं आहे. अशा बाईला एक कीर्तन वेळेत बसवता येणार नाही?

मी कीर्तनवेडी आहे, हे मान्य. आमचे हे, म्हणजे लहानूजी, म्हणतात की तुला देवापेक्षा कीर्तनकार जवळचे. मी म्हणते, देव काही बोलत नाही, कीर्तनकार बोलतात. त्यातही हिंगणीचे तानबा महाराज. सप्ताहाच्या शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तन त्यांचंच. कृष्णजन्मापासून सुरू करायचं, दहीहंडीपर्यंत यायचं, हंडी फुटली की महाप्रसाद. एकोणतीस वर्षं हेच. माझी आई गेली त्या साली मी दोन महिने कोणाशी धड बोलत नव्हते. यांनी मला जवळजवळ ओढत मांडवात नेऊन बसवलं. महाराजांनी देवकीची गोष्ट लावली आणि मी शेकडो लोकांत पोटभर रडून घेतलं. घरी आले आणि भाकरी थापायला बसले. तेव्हापासून तानबा महाराज म्हणजे माझं माहेर.

आणि ते माहेर समितीने मोडायला काढलं.

आमच्या सप्ताह समितीचे अध्यक्ष रूपराव. वांग्याचे बागायतदार, माणूस वाईट नाही, पण हिशेबी. दिवाळीनंतरच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की मागच्या काल्याला मांडवात त्रेचाळीस माणसं होती, त्यातली सहा मांडववाल्याची. शेजारच्या गावाने भक्तिगीतांचा ऑर्केस्ट्रा आणला तर तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा यंदा तानबा महाराजांना शाल-श्रीफळ द्यायचं, हात जोडायचे, आणि पुढच्या वर्षीपासून काल्याला ऑर्केस्ट्रा. महाराजांना मात्र आत्ताच सांगायचं नाही, उगाच म्हाताऱ्या जिवाला घोर. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान डोलावण्यातली नाही.

"अन् मांडव भरला त?" मी उभी राहून विचारलं.

रूपराव हसले. वचन पाळायची वेळ येणारच नाही याची खात्री असलेला माणूस हसतो, तसे.

"वहिनी, तुम्ही मांडव भरून दाखवा. भरला त काला जलमभर महाराजायचाच. मी लिहून देतो."

ऑर्केस्ट्रा हवा ना तुम्हाला? घ्या ऑर्केस्ट्रा! मी त्याच रात्री ठरवलं, महाराजांच्या मागे असा ऑर्केस्ट्रा उभा करायचा की रूपरावांची वांगी शेतातच माना टाकतील.

बोरगाव मेघेत अश्विनचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे घरामागची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. शाळांची गॅदरिंगं, लग्नातले नाच, एप्रिलमधली जयंतीची गाणी, या सगळ्यांचे ट्रॅक तो करतो. ट्रॅक म्हणजे गाणाऱ्याच्या मागे वाजायचं आयतं संगीत. वादक एकही नाही, आवाज मात्र पन्नासांचा. अश्विनने पहिल्यांदाच सांगितलं, "मावशी, जयंतीचे ट्रॅक मी झोपेत करतो. पण कीर्तनातलं मले काही समजत नाई. तुम्ही सांगान तसं करून देतो." मला असा माणूस आवडतो. ज्याला समजत नाही त्याने ऐकावं, एवढी साधी गोष्ट समितीतल्या लोकांना कळत नाही.

एक शंका मात्र त्याने काढली. त्याचं म्हणणं, प्रत्येक गाण्याचा वेगळा ट्रॅक करू. महाराज गायला लागले की लावायचा, थांबले की बंद करायचा. मी म्हटलं, लावणार कोण? मी महिला भजन मंडळात टाळ घेऊन बसलेली. आणि आमच्या यांनी रिमोट दाबला की टीव्ही सोडून घरातलं सगळं सुरू होतं. त्यापेक्षा माझ्याकडे मागच्या वर्षीचं अख्खं कीर्तन फोनमध्ये होतं. एक तास बत्तीस मिनिटं. महाराज एकोणतीस वर्षं तेच कीर्तन करतात, कुठे खाकरतात तेही मला पाठ आहे. तेव्हा त्याच रेकॉर्डिंगच्या मापाने एकच सलग ट्रॅक करायचा. महाराज बोलतात तिथे शांतता, गातात तिथे संगीत. सुरुवातीला एकदा बटण दाबलं की थेट महाप्रसाद!

आठ दिवस भाजी निवडता निवडता मी रेकॉर्डिंग ऐकलं आणि वहीत वेळापत्रक उतरवलं. चौदाव्या मिनिटाला आनंद. एकोणिसाव्या मिनिटाला दुःख, भरपूर, कारण तिथे देवकी. तेहतिसाव्याला राक्षस. अश्विनने वही वाचली आणि विचारलं, दुःखाले व्हायोलिनं किती टाकू? मी म्हटलं, पन्नास. मागेपुढे पाहू नको.

रेकॉर्डिंगमध्ये एका जागी सात मिनिटं काहीच नव्हतं. मागच्या वर्षी ऐन कीर्तनात लाईट गेली होती आणि महाराज पाणी पीत बसले होते. लाईट आल्यावर मग त्यांनी कथा आवरती घेतली होती आणि लगेच हंडी. ती सात मिनिटं काढून टाकू का, असं अश्विनने विचारलं. मी त्याला सांगितलं की अंगणवाडीत मी कधी मधली सुट्टी वगळली नाही, इथेही वगळणार नाही. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. लेकराने सात मिनिटांची ती पोकळी प्रामाणिकपणे जशीच्या तशी ठेवली.

गावात तयारीही मी चोख केली. महाराजांना फोन करून सांगितलं की दहाला बरोबर सुरू करायचं, मागून थोडं संगीत राहील. "राहू द्या बाई, देवाले सगळं चालते," ते म्हणाले. झाली मंजुरी. हंडी फोडणाऱ्या पोट्ट्यांना बजावलं की ढोल वाजले की चढायचं आणि फोडायची, कोणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही. पेटीवाले प्रेमदासभाऊ महाराजांबरोबर बावीस वर्षांपासून आहेत. त्यांना हळू वाजवायची विनंती केली.

"पन्नास व्हायोलिनं हायेत म्हणता. मंग माझी पेटी काय पापड वाळवाले आणू?" ते म्हणाले.

मी कलावंतांचं मनावर घेत नाही.

राहिले लहानूजी. मंदिराच्या बाजूच्या टेबलावर साउंडवाल्याचं मशीन, त्यात पेनड्राइव्ह. त्यांनी दहाच्या ठोक्याला बटण दाबायचं आणि नंतर आभाळ कोसळलं तरी मशीनला हात लावायचा नाही, कोणाला लावू द्यायचा नाही. त्यांनी विचारलं, तू सांगितलं तरी नाही? मी म्हटलं, मी सांगितलं तरी नाही. ते म्हणाले, लिहून दे. मी वहीचं पान फाडून लिहून दिलं, खाली सही केली. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझं एकच वाक्य शब्दशः ऐकलं, आणि ते हे.

काल्याच्या दिवशी दहाला यांनी बटण दाबलं. पन्नास व्हायोलिनं अशी उसळली की मंदिराच्या कळसावरचे पारवे थेट नदीपलीकडे गेले. काय ते संगीत! माझ्या अंगावर काटा आला. मांडवात तेव्हा बरोबर अडतीस माणसं होती, आणि महाराज नव्हते.

महाराज रूपरावांच्या घरी तर्रीपोहे खात होते. रूपरावांनी आग्रह केला होता. मी हे मुद्दाम नोंदवते, कारण अकरा मिनिटांचा जो उशीर झाला तो पोह्यांचा होता, माझा नव्हता.

दहा वाजून अकरा मिनिटांनी महाराज उभे राहिले, फेटा सारखा केला, डोळे मिटले. तोपर्यंत ट्रॅक बराच पुढे निघून गेला होता. त्यांनी नमनाचा पहिला शब्द उच्चारला आणि तीन मिनिटांत मागे चौदाव्या मिनिटाचा आनंद सुरू झाला. महाराज दचकले, पण गात राहिले. मी पहिल्या रांगेतून हाताने खुणा करायला लागले, लवकर लवकर, पुढे चला, देवकीपाशी या. त्यांना वाटलं मला भोवळ येते आहे. त्यांनी गाणं थांबवून कोणालातरी बाईंना पाणी द्यायला सांगितलं. त्यात आणखी दोन मिनिटं गेली.

आणि तेवढ्यात पाहुणे आले. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक मान्यवर बोलावले होते, नाव कशाला घ्या. रूपरावांनी माईक हातात घेतला. रूपरावांचा आवाज मुळातच जड. ते सावकाश, एकेक शब्द तोलत बोलायला लागले की आज आपल्यामध्ये, आणि एकोणिसावं मिनिट भरलं.

दुःख. भरपूर.

पन्नास व्हायोलिनं एकदम हंबरली. मागून सनई. अश्विनने मला न विचारता एक बाईचा हुंदकाही टाकला होता, तो तर इतका सुंदर होता की आमच्या मंडळातल्या दोघींनी पदर डोळ्याला लावला. त्या आवाजात रूपरावांनी पाहुण्यांना हार घातला. पाहुणे हात जोडून, मान खाली घालून उभे. मागच्या रांगेतल्या एकाने टोपी काढली. त्याला पाहून दुसऱ्याने काढली. मग सगळा मांडव उभा राहिला आणि दोन मिनिटं शांत. पाहुण्यांनाही काय करावं सुचेना, तेही स्वतःसाठी उभे राहिले.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. मंदिरावर चार भोंगे आहेत. त्यांच्यावरून गावाला दोनच बातम्या मिळतात, लसीकरण आणि मयत. लसीकरणाला कोणी व्हायोलिन वाजवत नाही.

शकुबाई वेशीजवळ राहते. वय ऐंशीच्या पुढे, अंगणात लसूण सोलत बसली होती. भोंग्यावर हुंदका ऐकला, रूपरावांचा जड आवाज ऐकला, आणि कीर्तन थांबलं आहे हेही तिच्या ध्यानात आलं. तिने हिशेब मांडला. कीर्तन थांबलं म्हणजे कीर्तनकार गेले. सुपातला लसूण तिथेच टाकून ती भर रस्त्याने छाती बडवत निघाली, "माहा तानबा महाराज गेला वो!" चौकातल्यांनी ऐकलं, त्यांनी फोन लावले. वावरात कापूस वेचणाऱ्या बायका पोटाला बांधलेल्या ओट्यांसकट निघाल्या. कोणी विळा हातात घेऊन, कोणी अर्धी दाढी करून, सलूनवाला वस्तरा घेऊन त्याच्या मागे. ट्रॅक्टर आले. एका शहाण्याने तर येता येता बांबू तोडून आणले.

मांडवात आम्हाला याचा काहीच पत्ता नाही. मी आपली ट्रॅक थांबवायच्या धडपडीत. टाळ ठेवला आणि वाकत वाकत टेबलापाशी गेले. तिथे लहानूजी मशीनपुढे हात पसरून उभे.

"बंद करा," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून कागद काढला, उघडला, माझ्यापुढे धरला. "ही सही कोणाची?"

"माझी. पण आता मीच सांगून राह्यली ना, बंद करा."

"यात लिहिलं हाय, तू सांगतलं तरी नाई. मी लिहिलेलं पाळतो."

मी त्यांच्या काखेखालून हात घालायचा प्रयत्न केला, त्यांनी मला थोपवलं. लोक पाहायला लागले. मी परत जागेवर येऊन बसले. महाराज मांडववाल्याचे आभार मानत होते आणि मागे राक्षस सुरू झाले. मांडववाला बिचारा घाबरून खांबाआड गेला. मग पाहुण्यांनी जे भाषण धरलं ते अकरा वाजून गेल्यावरच सोडलं.

सव्वा अकराच्या सुमाराला पहिली लाट आली. पुढे शकुबाई, मागे अख्खं गाव. मांडवाच्या तोंडाशी येऊन सगळे थबकले. समोर तानबा महाराज फेटा बांधून, हातात चिपळ्या घेऊन उभे.

"महाराज," शकुबाई म्हणाली, "तुम्ही जित्ते हा?"

"तसं दिसून त राह्यलं, माय. बस."

ती बसली. तिच्या मागचे बसले. मेलेल्या माणसाला पाहायला आलो होतो आणि तो जिवंत निघाला म्हणून परत जातो, असं कुठल्या तोंडाने सांगणार? बांबूवाल्याने बांबू मांडवाबाहेर ठेवले आणि तोही बसला. मांडव भरला, पायऱ्या भरल्या, पारावर पोट्टे चढले. साडेतीनशे तर सहज. रूपराव तोंड उघडं ठेवून पाहत होते.

महाराजांनी विचारलं काय झालं, आणि शकुबाईने सगळं सांगितलं. अकरा बावीसला, वेळापत्रकाप्रमाणे, ट्रॅक थांबला. मागच्या वर्षीची लाईट गेली.

त्या शांततेत महाराजांनी सगळ्या मांडवावरून नजर फिरवली.

"मेल्यावर येवढे येता," ते हळूच म्हणाले, "मंग जित्तेपणी काऊन येत नव्हते रे बाबू?"

कापसाची ओटी बांधलेल्या बायका खाली पाहायला लागल्या. रूपराव माझ्याकडे पाहून मग दुसरीकडे पाहायला लागले. मला माझ्या आईचं वर्ष आठवलं.

मग महाराज गायले. मागे एकही व्हायोलिन नाही. प्रेमदासभाऊंनी पेटीवर नुसता एक सूर धरला, मृदंगावर बोटांनी हलकी थाप. एकाहत्तर वर्षांचा आवाज, थोडा फाटलेला, वरच्या सुराला पोचताना थरथरणारा. देवकीपासून निघून वसुदेवाच्या टोपलीत गेला. यमुनेचं पाणी वाढतं आहे, वसुदेवाच्या गळ्याशी आलं आहे, बाळाचा पाय टोपलीबाहेर लोंबतो आहे. साडेतीनशे माणसं त्या पाण्यात उभी होती. मला तर पावलांना गार लागलं.

आणि सात मिनिटं संपली.

ढोल! ताशे! शंख! अश्विनने तिथे हात राखलाच नव्हता. पोट्टे तयारच होते. त्यांना बजावलेलं होतं, ढोल वाजले की कोणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही. त्यांनी पाहिलं नाही. दोन थर लागले, तिसरा चढला, महाराज हात उंच करून थांबा थांबा म्हणत होते, त्यांना वाटलं आशीर्वाद देतात. कृष्ण अजून यमुनेतच होता, गोकुळात पोचलासुद्धा नव्हता, आणि त्याची हंडी फुटली.

हंडी टांगलेली मशीनच्या डोक्यावर, सगळं दही टेबलावर. म्हणजे आधी लहानूजींवर, कारण ते मशीन वाचवायला त्याच्यावर पालथे पडले होते, आणि त्यांच्यावरून ओघळून मशीनमध्ये. एक चर्र असा आवाज झाला, धूर निघाला, भोंगे मेले. तशाही स्थितीत हे मशीनवरून उठले नाहीत. कागदात तसं लिहिलं होतं.

आता लोक उठतील, मला वाटलं. हंडी फुटली की महाप्रसाद, ही सवय सगळ्या गावाच्या अंगात. पातेल्यांची झाकणं उघडण्याचा आवाजही आला. महाराजांनी हात वर केला आणि माईकशिवाय म्हणाले की हंडी आधी फुटली, हरकत नाही, पण लेकरू पाण्यात आहे. त्याले काठावर नेल्याशिवाय मले जेवता येत नाई. तुमचं तुम्ही पाहा.

एकही माणूस उठला नाही. आवाज पोचावा म्हणून मागचे पुढे सरकले, पुढचे आणखी पुढे, पारावरचे खाली उतरले. पुढचा एक तास महाराजांनी भोंग्याशिवाय, माझ्या पन्नास व्हायोलिनांशिवाय कीर्तन केलं. पाहुणेही बसले होते, हारासकट.

महाप्रसादाला महाराज माझ्या शेजारच्या पंगतीत होते. वांग्याच्या भाजीत पोळी बुडवत म्हणाले, "बाई, तुमच्या त्या संगीतात एक जागा लय चांगली बसवली होती. जिथं काहीच वाजत नव्हतं. थे कोणी केलं?"

मी म्हटलं, मीच. वेळापत्रक माझंच होतं, यात खोटं काय?

संध्याकाळी अश्विनला फोन करून सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, मावशी, ट्रॅक एक नंबर होता, गावच अकरा मिनिटं मागं चालून राह्यलं होतं. मी तेच तर सगळ्यांना सांगते आहे.

चार दिवसांनी समितीची बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं, हे गेले होते. रूपरावांनी शब्द पाळला. ठराव पहिला, काल्याचं कीर्तन तानबा महाराजांचंच, ते आहेत तोवर, आणि ऑर्केस्ट्राचं नाव पुन्हा काढायचं नाही. मी देवापुढे साखर ठेवली. ठराव दुसरा यांनी खिशातून काढून मला वाचायला दिला. सौ. सुलोचनाबाईंनी घेतलेल्या परिश्रमांबद्दल समिती त्यांची ऋणी आहे, त्यांची प्रकृती लक्षात घेता त्यांना येते संपूर्ण वर्ष सक्तीची विश्रांती देण्यात यावी. एकमताने मंजूर. सूचक, रूपराव. अनुमोदक म्हणून खाली सही होती ती मी पस्तीस वर्षं रेशनकार्डावर पाहत आले आहे.

मी कागद नीट घडी घालून डब्यामागे ठेवला. मीही लिहिलेलं पाळते. त्या दिवसापासून मी विश्रांती घेते आहे. सकाळी पलंगावर बसून फोनमध्ये कीर्तन ऐकते, दुपारी ऐकते, संध्याकाळी ऐकते. काल यांनी पहिल्यांदा स्वतः वरण लावलं. कुकरची शिटी झाली तेव्हा दचकून अंगणात पळाले. आज जेवताना करपलेली पोळी माझ्या ताटात वाढत त्यांनी हळूच विचारलं की हे किती दिवस चालायचं.

मी म्हटलं, ठरावात वर्ष लिहिलं आहे. त्यातले अकरा दिवस झाले.